काचेच्या रानातली साखर

रान मेलं हे शिवबाईला डोळ्यांनी कळलं नाही, कानांनी कळलं.

सोमवारची सकाळ होती. तिनं काचघराचं बाहेरचं कुलूप काढलं, आतलं दुसरं दार लोटलं आणि सवयीनं उंबऱ्यावरच थांबली. बाहेर पत्रे तापायला लागले होते. आत मात्र बारा महिने ओला अंधार. झाडं इतकी दाट की रातकिड्यांना रात्र सरल्याचं कळायचंच नाही. भर दिवसा त्यांची किर्र चालू असायची. दार उघडलं की ती किर्र अंगावर यायची आणि शिवबाईला वाटायचं, चला, घरात माणसं आहेत.

त्या दिवशी किर्र नव्हती. पानांवरून पाणी ठिपकत होतं, तेवढाच आवाज.

"आँ? सगळी गेली कुटं?" ती मोठ्यानं म्हणाली. तिचाच आवाज पलीकडच्या काचेवर आपटून परत आला. तो आजवर कधी परत आला नव्हता.

अक्कलकोट रोडला एका शेठजीनं वडिलांच्या नावानं बाग केली होती. त्या बागेत हे काचघर. शेठजी कुठंतरी परदेशात असलं काही बघून आला आणि त्यानं ठरवलं, आपल्या सोलापुरातही पावसाचं रान पाहिजे. झालं. आसपासच्या वस्तीत नळाला पाणी आलं तर सण वाटायचा, बायका हंड्यावरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, आणि इथं टँकर मागवून झाडांवर दिवसभर पाऊस पाडायचे. शिवबाईचा नवरा धोंडप्पा फाटकावर वॉचमन होता. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "या की, या. सोलापुरात पाऊस बघायला तिकीट काढावं लागतंय." लोक हसायचे. हसून तिकीट काढायचे.

नुसती झाडं लावून रान होत नाही, हे शेठजीला सांगितलं ते चेतनानं. कोकणाच्या कड्याला किड्या-मुंग्यांचा अभ्यास करून आलेली ही मुलगी. काचघर तिच्या ताब्यात होतं. तिनं तिकडच्या एका खाजगी बागायतीतून ट्रक भरभरून माती, कुजके ओंडके आणि पालापाचोळा आणवला. त्या पाचोळ्यातून जे काही सोलापुरात उतरलं ते बघून शिवबाईनं पहिल्याच दिवशी पदर तोंडाला लावला होता. हात लागला की रुपयासारखी गुंडाळी करणारे वाणी. शंख पाठीवर घेऊन काचेवर चढणाऱ्या गोगलगायी. डोळे नसलेल्या पांढऱ्या गोमा. आणि मुंग्या! एक जात जबडा सताड उघडा ठेवून हिंडणारी. एक जात सोन्याच्या केसासारखी लव असलेली. एक जांभळाच्या झाडावर पानाला पान शिवून घर करणारी, आणि शिवायला दोरा कुठला, तर स्वतःच्याच पिल्लाच्या तोंडातून निघणारं रेशीम. पिल्लू तोंडात धरायचं आणि सुईसारखं या पानावरून त्या पानावर फिरवायचं.

"झाडं म्हणजे नुसते खांब, मावशी," चेतना म्हणायची. "रान चालवतात ते हे खालचे."

"चालवू द्या की. माझ्या पायावर चढू नका म्हनावं."

शिवबाई मूळची मैंदर्गीची. लग्न होऊन सोलापूरला आली ती टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला बसली. तोंड फटकळ आणि हात त्याहून. मुकादम बायकांच्या पाठीमागं उगाच रेंगाळतो म्हणून तिनं एकदा कात्री टेबलात रुतवून त्याला विचारलं होतं, "काय बघायलास? टाका का बाई?" दुसऱ्या दिवशी काम गेलं. दुसरा कारखाना धरला, तिथंही कुणाचं तरी ऐकून घेतलं नाही. धोंडप्पानं हात जोडून तिला काचघरात लावलं. "हितं मानसं न्हाईत," तो म्हणाला, "भांडायचंच झालं तर किड्यांशी भांड."

पण किड्यांशी तिचं जमलं. इतकं जमलं, की जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तिनं किड्यांच्या पदरात टाकलं.

तिची एकुलती लेक भार्गवी मोडनिंबला दिलेली. दोनदा दिवस गेले आणि दोनदा पोट रिकामं झालं. दुसऱ्या खेपेला तर शिवबाई दवाखान्यात शेजारीच बसून होती. लेक ओरडलीसुद्धा नाही, तिनं नुसती हातातली चादर सोडून दिली. त्या सुटलेल्या मुठीकडं बघताना शिवबाईला आपल्या आईचा नेम आठवला. मैंदर्गीला तिची आई सांगायची, ज्या बाईच्या पोटात राहत नाही तिच्यासाठी मुंगीला घालावं. का, तर वारुळावर पाणी आलं, आग आली, गाडीचं चाक आलं, तरी मुंगी आपलं अंडं तोंडात धरून पळते. मरते, पण टाकत नाही. म्हणून दर सोमवारी रवा-साखर घालायची आणि म्हणायचं, "तुमचं तुमी धरा, आमचं आमाला धरू द्या." बाळंतपण होईपर्यंत नेम मोडायचा नाही. आणि एक अट होती, ती मोठी: ज्यांना आपल्या हातानं घातलं, त्यांचा जीव आपल्या हातानं घ्यायचा नाही. घेतला, तर त्या त्यांचं धरलेलं सोडतात आणि मग आपलंही सुटतं.

भार्गवीला तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं त्या सोमवारी शिवबाईनं रवा-साखरेची पुडी ओटीत घेतली. घरामागं भिंतीला घालता आलं असतं. पण तिनं विचार केला, आपल्या घरच्या मुंग्या त्या काय, टिचभर. त्या किती धरणार? रानातल्या मुंग्या दांडग्या, त्या घट्ट धरतील. म्हणून तिनं पुडी काचघरात नेली आणि जांभळाच्या बुंध्याशी, मुळांच्या बेचक्यात ओतली. चेतनाला सांगायचा प्रश्नच नव्हता. देवाचं काम, त्यात कुणाची परवानगी?

त्याच सुमाराची एक गोष्ट. पायवाटेकडच्या झुडपात पानं पुसताना शिवबाईला पानाच्या पाठीला एक काळी मुंगी दिसली. पानाची शीर दातांत धरून उलटी लटकलेली. मेलेली. तिच्या डोक्यातून एक बारीक तपकिरी काडी उगवली होती, शिंगासारखी. शेजारच्या पानाखाली दुसरी, तशीच. मग तिसरी. सगळ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, सगळ्यांनी शीरच धरलेली.

शिवबाई बाहेर पळाली ती चेतनाला हाताला धरून घेऊन आली.

"बुरशी आहे मावशी. मुंगीच्या अंगात शिरते आणि आतून वाढते. मग मुंगी आपल्या माणसांतून उठते, एकटीच झुडपावर चढते, पान चावते आणि तिथंच मरते. मग डोक्यातून ही काडी येते आणि खालून जाणाऱ्यांवर बी झडतं."

"ती सोता चढत न्हाय?"

"पाय तिचे. चालवणारी बुरशी."

"म्हंजे झपाटतंय की हे!" शिवबाईनं कपाळाच्या विभूतीला हात लावला. "मारून टाका बाई असलं."

"मारायचं नाही. प्रत्येक मुंगीची बुरशी ठरलेली असते. एखादी जात फार माजली की ही तिला आवरते. त्यामुळं कुणा एकीचंच राज्य होत नाही."

शिवबाईनं त्या झुडपाला लांबून हात जोडले. पुढं बरेच दिवस ती तिथून जाताना पायाखाली बघत चालायची नाही, मागं बघत चालायची.

नेम मात्र चालू राहिला. सोमवारमागून सोमवार गेले. साखर पडली की घटकाभरात जांभळाचं मूळ तांबडं व्हायचं. बारीक, तांबड्या, चावऱ्या मुंग्या; दाराच्या फटीतून, पाइपाच्या भोकातून धार लागायची. शिवबाईला भरून यायचं. तिला वाटायचं, रान भरलं. तिकडं भार्गवीच्या पोटातलं बाळ लाथा मारायला लागलं. सातव्या महिन्यात लेक माहेरी आली, तेव्हा शिवबाईनं पुडीतली साखर दुप्पट केली. चेतना परीक्षेसाठी सुट्टीवर होती. विचारायला कुणी नव्हतं.

आणि मग हा सोमवार. किर्र नसलेला.

नववा महिना लागला होता. काहीही झालं तरी नेम चुकवायचा नाही, म्हणून शिवबाईनं त्या शांततेतच पुडी सोडली. साखर जमिनीला टेकते न टेकते तोच जमीन हलली. पाचोळा नव्हे, पाचोळ्याखालची जमीनच तांबडी होऊन वर आली. ती दोन पावलं मागं सरली. वाटेत गोगलगायींचे शंख पडले होते. तिनं एक उचलला, आत पोकळ. दुसरा उचलला, पोकळ. वाणी गुंडाळी करून पडले होते, बोट लावलं तर टरफलासारखे चुरले. झपाटलेल्या मुंग्यांचं ते झुडूप तिनं वाकून बघितलं. शिंगं जुनी, वाळलेली. नवी एकही नाही. झपाटायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं.

"मावशी."

शिवबाई दचकून ओरडलीच. दारात चेतना उभी होती, पाठीवर अजून प्रवासाची बॅग. ती पुढं आली, गुडघ्यावर बसली, मूठभर पाचोळा पांढऱ्या थाळीत झाडला. एरवी त्या थाळीत जत्रा भरायची. आज तांबडी मुंगी. दुसरी मूठ, तांबडी मुंगी. तिनं ओंडका उलटा केला, आणि मग तिची नजर मुळाशी गेली.

"साखर कुणी घातली?"

"मी." शिवबाईनं कमरेवर हात ठेवले. "मग? तुमच्या बापाची साखर हाय का?"

"कधीपासून?"

"मुंग्यांना घालनं पाप हाय व्हय? तुमी शिकल्याली मानसं, तुमाला सांगून—"

"मावशी, ओरडू नका. इकडं बघा." चेतनानं थाळी पुढं धरली. "ही रानातली मुंगी नाही. ही आपल्या माळावरची. माळावर तिला ऊन आवरतं, दुष्काळ आवरतो. इथं आपण तिला बारमाही पाणी दिलं, वर साखर. साखर खाऊन तिच्या अंगात पळायचं बळ येतं. पण पिल्लांना साखर चालत नाही, मांस लागतं. मग ते कुठून आणायचं?" तिनं हातानं सगळं रान दाखवलं. "आणि हिला धरणारी बुरशी या रानात नाही. हिच्या डोक्यातून शिंग उगवणार नाही."

शिवबाईनं कमरेवरचे हात खाली घेतले.

"आता?" तिनं विचारलं.

"औषध फवारलं तर उरलंसुरलंही जाईल. यांची बिळं शोधून त्यात उकळतं पाणी ओतायचं. दुसरा उपाय नाही. बिळं कुठं आहेत तुम्हाला माहीत असेल ना?"

माहीत होतं. दर सोमवारी ती त्यांच्या मागं मागं जाऊन बघायची, कुठं नेतात, किती घट्ट धरतात. प्रत्येक भोक तिला पाठ होतं.

"मला न्हाय जमायचं," ती म्हणाली. आणि मग, दुसरा इलाज नव्हता म्हणून, तिनं लेकीचं सगळं सांगितलं. नेम, अट, दोनदा सुटलेली मूठ. चेतना हसली नाही. थाळी खाली ठेवून म्हणाली, "मग मी ओतते. तुम्ही नुसती बिळं दाखवा आणि बाहेर थांबा."

"वा गं वा. घातलं मी, दावनार मी, आन मारनार तू? देव काय आंधळा हाय?"

ती तरातरा बाहेर निघाली. निघाली ती जांभळाच्या खालून. वर काहीतरी खडखडलं, वाळल्या पानाला नखानं खाजवावं तसं. तिनं मान वर केली.

पानं शिवून केलेली घरं फांद्यांवर तपकिरी होऊन लोंबत होती. एकच हिरवं उरलं होतं, हाताच्या उंचीवर. त्याच्या तोंडाशी ती मोठी, लांब पायांची मुंगी उभी होती. तांबड्यांनी तिच्या सगळ्या पायांना धरलं होतं. एकेक पाय एकेक जणी ओढत होत्या, इतक्या सावकाश की वाटावं काही घाई नाही. पोट तुटून गेलं होतं. आणि डोकं वर, उंच, जेवढं उंच करता येईल तेवढं, आणि तोंडात पांढरं पिल्लू.

शिवबाई बघत राहिली. मुंगी मेली तेव्हाही तिचं तोंड उघडलं नाही. आईनं सांगितलेलं खरं होतं, फक्त ते ज्यांच्याबद्दल होतं त्यांनाच शिवबाईनं दर सोमवारी दुसऱ्यांच्या पुढं वाढलं होतं.

बाहेर येऊन तिनं तीन दगड मांडले. धोंडप्पा फाटकावरून धावत आला.

"अगं, काय करायलीस? भार्गवीचा नववा हाय. नेम हाय म्हनतीस आन—"

"लाकडं आना."

"शिवे, इचार कर."

"लाकडं आना म्हनलं न्हवं!"

भर दुपारी, बाहेर माणूस दिसत नाही अशा उन्हात, तिनं मोठं पातेलं उकळलं. पाणी टँकरचंच. पहिल्या बिळाशी ती उकिडवी बसली आणि नेमाचे शब्द आपसूक ओठावर आले, "तुमचं तुमी धरा…" पुढचे आले नाहीत. तिनं पाणी ओतलं.

वाफेबरोबर तांबडा फेस वर आला. फेस नव्हता तो, त्या होत्या. आणि प्रत्येकीच्या तोंडात एक पांढरा दाणा. मेलेल्या, तरंगणाऱ्या, गोल फिरणाऱ्या, पण दाणा सोडलेला नाही. एकीनंही सोडलेला नाही.

शिवबाईच्या हातातून पातेलं निसटलं आणि पायावर पाणी आलं. ती ओरडली नाही. चेतना पुढं झाली तर तिनं हातानंच थांबवलं, पदर खोचला आणि दुसऱ्या बिळाकडं गेली. सगळी बिळं तिनंच भरली. शेवटच्याशी आली तेव्हा ती बोलत होती, कुणाशी ते कळत नव्हतं. "घ्या. आता माझंच घ्यायचं तर घ्या. पोरीचं नका घेऊ."

त्यानंतर तिच्या घरात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. खरं तर बंद झाली.

मुंग्या येईनात.

ओट्यावर गुळाचा खडा पडला, तसाच राहिला. भार्गवीच्या हातून सरबत सांडलं, फरशीवर चिकट डाग वाळला, एक मुंगी फिरकली नाही. भार्गवी म्हणाली, "बरं झालं की अव्वा, मुंग्यांचा खडू ओढायला नको." शिवबाईनं मुद्दाम कोपऱ्यात साखरेची चिमूट टाकली. सकाळी बघितलं, तशीच. दाणा न् दाणा तसाच. त्यांनी तिच्या हातचं टाकलं होतं.

ती लेकीजवळून हलेना. भार्गवी उठली की उठायची, बसली की बसायची. तिची मूठ उघडी दिसली की हळूच मिटायची. "हे काय गं सारखं?" लेक चिडायची. "हात दुखतोय माझा."

कळा सुरू झाल्या त्या रिक्षात पाय ठेवायलाही सवड न देणाऱ्या. दवाखान्याच्या बाकावर शिवबाई पोळलेला पाय सोडून बसली होती. आतून लेकीचं ओरडणं येत होतं आणि प्रत्येक ओरडण्याला ती पुटपुटत होती, "ओरड, ओरड, गप बसू नको." मग ओरडणं थांबलं. शांत झालं. काचघरात झालं होतं तसं. शिवबाईनं भिंत धरली.

आणि मग किर्र आवाज आला. बारीक, चिरका, न थांबणारा.

"मुलगी," नर्स दारातून म्हणाली. "वजन कमी आहे, पण आवाज बघा."

धोंडप्पा रडत रडत हसला. "आजीवर गेली. जल्मल्या जल्मल्या भांडायली."

चेतनाचा फोन बारशाच्या आदल्या दिवशी आला. "मावशी, आत एक रातकिडा वाजतोय. एकच आहे, पण वाजतोय." शिवबाईनं तिला पोरीचा आवाज ऐकवला.

बारसं झालं. पाहुणे गेले. दुपारची वेळ. पोर पाळण्यात झोपलेली, ओठांच्या कडेला दूध. शिवबाई स्वयंपाकघरात आवरत होती, तेवढ्यात भार्गवीची हाक आली. मोठी नव्हे, दबकी.

"अव्वा. मुंग्या आल्यात."

साखरेच्या डब्यावर नव्हत्या. कोपऱ्यातली चिमूट अजून तशीच होती, तिला वळसा घालून ओळ पुढं गेली होती. दाराच्या फटीतून, भिंतीच्या कडेनं, फरशीवरून सरळ. तांबडी. पाळण्याच्या पायाला जाऊन भिडली होती, आणि पहिली मुंगी वर चढायला लागली होती.

भार्गवीनं मुंग्यांची पावडर उचलली. शिवबाईनं तिचा हात धरला. "नको. आता माझ्या घरात नको."

तिनं त्या पहिल्या मुंगीला बोटावर घेतलं. ती कडकडून चावली. शिवबाईनं तिला तशीच नेऊन दाराबाहेर ठेवली. मग मांडणीवरच्या चार वाट्या काढल्या, पाळण्याचा एकेक पाय उचलून एकेक वाटी खाली सरकवली आणि हंड्यातलं पाणी त्यांत ओतलं. नळाला पाणी यायला अजून अवकाश होता. तरी ओतलं, काठोकाठ.

ओळ वाटीशी येऊन फुटली. काही डावीकडून गेल्या, काही उजवीकडून, फेर धरल्यासारख्या वाटीभोवती फिरत राहिल्या. थोड्या वेळानं बाकीच्या वळल्या आणि आल्या वाटेनं निघून गेल्या. एक मात्र काठावर राहिली. शिवबाई गुडघे टेकून, अगदी जवळ जाऊन, तिच्याकडं बघत होती. मुंगीच्या मिशा पाण्यावरून पाळण्याच्या दिशेनं हलत होत्या.

तिच्या तोंडात काही नव्हतं, पांढरा दाणाही नव्हता.

पोर झोपेत कुरकुरली. शिवबाईनं तांब्या उचलला आणि जरा खाली गेलेली वाटी पुन्हा काठापर्यंत भरली.